बसतो, पण नांदत नाही

उघडलेली वस्तू पुन्हा होती तशी मिटवणं ही एक विद्या आहे आणि ती मला येत नाही, हे कबूल करायला मला ऐंशीच्या उंबरठ्यापर्यंत यावं लागलं. उघडण्याच्या बाबतीत मात्र माझा हात धरणारा कोणी नाही. गजराचं घड्याळ, इस्त्री, छत्री, सौ.च्या माहेरून आलेला रेडिओ, सगळं मी आजवर यशस्वीपणे उघडलेलं आहे. जोडताना काय होतं कोण जाणे, एकदोन स्क्रू शिल्लक राहतात. ते मी कोकोच्या एका रिकाम्या डब्यात टाकत आलो. पन्नासहून अधिक वर्षांच्या संसारात तो डबा आता गळ्यापर्यंत भरलाय. "आणखी थोडे दिवस थांबा," सौ. म्हणते, "त्यातून आपोआप दुसरा रेडिओ तयार होईल."

आमच्या ओळखीचे एक घड्याळजी सदाशिव पेठेत बसत. त्यांच्या दुकानात पाटी होती : 'ग्राहकाने घरी उघडून पाहिलेली घड्याळे दुरुस्तीस घेतली जाणार नाहीत.' ही पाटी त्यांनी माझ्यासाठीच लावली असं मी म्हणत नाही. पण मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ती नव्हती, एवढं मला नक्की आठवतं.

हे सगळं आठवायचं कारण आमचा नातू. तो यंदा कॉलेजात जायला लागला आणि एन.सी.सी.त भरती झाला. परवा परेडहून आला तो बूट न काढताच (याबद्दल त्याच्या आजीचं वेगळं मत आहे) माझ्यासमोर येऊन म्हणाला, "आजोबा, आज आम्हाला रायफल उघडायला शिकवली!"

"आणि जोडायला?" मी विचारलं.

"ती पुढच्या आठवड्यात."

मी मनात म्हटलं, बाळा, सगळा घोटाळा त्या पुढच्या आठवड्यातच असतो.

आमच्या वेळी एन.सी.सी.त 'भरती होणं' हा प्रकार नव्हता. कॉलेजात नाव घातलं की एन.सी.सी. आपोआप अंगावर यायची. १९६२ साली चीननं जे केलं त्यानंतर १९६३ पासून कॉलेजच्या मुलांना ती सक्तीची झाली आणि १९६८ पर्यंत तशीच राहिली. त्यामुळे ज्यांनी आयुष्यात भांडी घासायच्या राखेपलीकडे कसली दारू पाहिली नव्हती, अशी पेठांतली शेकडो पोरं खाकी कपड्यांना कांजी करून 'दाहिने मूड' करू लागली. दाहिने म्हटल्यावर निम्मी बाएं वळत, तो भाग वेगळा. पण देशासाठी वळत.

आमच्या हातात असायची ती थ्री-नॉट-थ्री. हिचं खरं नाव ली-एनफिल्ड. जेम्स पॅरिस ली नावाचा गृहस्थ जन्मला स्कॉटलंडमध्ये, वाढला कॅनडात आणि मोठा झाला अमेरिकेत. त्यानं हिचा बोल्ट बनवला. आणि एनफिल्ड हे लंडनजवळचं गाव, तिथं ब्रिटिश सरकारचा बंदुकांचा कारखाना. आम्ही खांद्यावर घ्यायचो तो नमुना १९०७ सालचा. पहिलं महायुद्ध तिनं केलं, दुसरं केलं, आणि उरलेलं आयुष्य आमच्यासारख्यांच्या खांद्यावर काढलं. वजन साधारण चार किलो, पोटात दहा गोळ्यांची जागा. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यातही ती तयार होई. माझ्या वाट्याला आली होती तीवर १९४३ साल कोरलेलं होतं. म्हणजे ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. मी तिच्याशी त्याच अदबीनं वागत असे.

ही बाई तशी काटक. २०२० च्या प्रजासत्ताकदिनी उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी तिला समारंभपूर्वक निरोप दिला, तेव्हा मी वर्तमानपत्र बाजूला ठेवून क्षणभर उभा राहिलो. सौ.ला वाटलं, माझ्या पायाला मुंग्या आल्या.

आता बोल्ट म्हणजे काय ते सांगायला हवं. आपल्या दाराची कडी असते ना, तसाच प्रकार. मूठ वर करायची, मागे ओढायची, गोळी वर आली की पुढे ढकलायची, मूठ खाली पाडायची. दार बंद. या कडीच्या पुढच्या टोकाला असतं बोल्ट-हेड, ते आट्यांवर बसतं. मागच्या टोकाला कॉकिंग पीस. मध्ये पिन आणि भयंकर संतापी स्प्रिंग. बोल्ट बाहेर काढणं पोरखेळ : सेफ्टी कॅच पुढे, बोल्ट पूर्ण मागे, बोल्ट-हेड खटकन वर उचलायचं, की आला हातात. घालताना मात्र तीन गोष्टी बघायच्या. हेड शेवटच्या आट्यापर्यंत बसलंय ना? कॉकिंग पीस बोल्टच्या पाठीवरच्या उंचवट्याशी एका रेषेत आहे ना? आणि तिसरी, रायफलीवरचा नंबर आणि बोल्टवरचा नंबर एकच आहे ना?

हे शिकवायला आमचे उस्ताद होते. मराठा लाइट इन्फन्ट्रीतले हवालदार, सातारा जिल्ह्यातले. त्यांच्या मिशा एका रेषेत असत आणि आम्ही नसू. एरवी ते हुकूम हिंदीतून सोडत, पण शहाणपण सांगताना मराठीवर येत. अडलेल्या बोल्टवर कोणी जोर काढायला लागला की म्हणत, "जोर नको लावूस. हितं अडलंय म्हून चूक हितं न्हाई. चूक माघारी ऱ्हायलीय. माघारी जा."

आणि नंबराबद्दल म्हणत, "बोल्ट आन् रायफल यांचं फॅक्टरीतच लगीन लागलेलं असतं. दुसरीच्या घरात बी बोल्ट जाईल. न्हाई असं न्हाई. बसेल. पन नांदनार न्हाई."

आम्ही हसायचो. मग ते न हसता समजावून सांगत. काडतुसाचं बूड आणि बोल्टचं तोंड यांत अंतर किती असावं याचा हिशेब इंचाच्या हजाराव्या भागात असतो आणि तो प्रत्येक रायफलीचा वेगळा जमवलेला असतो. परका बोल्ट आला आणि अंतर वाढलं, तर बहुतेक वेळा काहीच होत नाही. पण एखाद्या वेळी काडतुसाची पितळी टोपी फाटते आणि पुढे जायचा जाळ मागे येतो. "मागं म्हंजी कुठं?" ते विचारत. आणि स्वतःच्या डोळ्याकडे बोट दाखवत.

१९६५ सालची गोष्ट. पाकिस्तानशी लढाई नुकतीच थांबली होती. पुण्यापासून काही मैलांवर एका माळावर आमचा कॅम्प पडला होता. मी इंटर सायन्सला. माझ्या शेजारच्या बिछान्यावर वर्गातलाच एक मित्र होता. सहा फूट उंच, त्यामुळे आम्ही त्याला लंबू म्हणत असू. त्याचं नाव इथं सांगत नाही. कारण पुढे कळेल.

दुसऱ्या दिवशी फायरिंग. खऱ्या गोळ्या, माणशी पाच. आदल्या संध्याकाळी सतरंज्या पसरून आम्ही रायफली साफ करत होतो. नळीतून दोरी ओढायची, तिच्या टोकाला तेलाची चिंदी. बोल्ट काढून समोर ठेवलेले. एवढंच करायचं होतं. पण स्वभावाला औषध नाही. उस्तादांनी बजावलं होतं की बोल्टचे अवयव सुटे करायचे नाहीत. मी लंबूला म्हटलं, "हे बघ, गंमत दाखवतो," आणि बोल्ट-हेड आट्यांवरून फिरवून काढलं. लंबूनं कौतुकानं पाहिलं आणि तो पाणी प्यायला गेला.

मग मी हेड परत फिरवलं. बसलं. बाहेरून बघितलं तर रेषेत. पण आट्यांची एक लबाडी असते : एक पूर्ण फेरा कमी पडला, तरी ते रेषेतच दिसतं! त्यात हाताळाहाताळीत मागचा कॉकिंग पीस खाचेतून घसरला आणि तिरका झाला. बोल्ट आत जाईना. मी जोर लावला. आणखी लावला. गुडघा लावला. 'माघारी जा' हे वाक्य मला आठवत होतं. पण ज्याला घाई असते त्याला माघारीचा रस्ता लांबचा वाटतो. तेवढ्यात रांगेच्या दुसऱ्या टोकाला उस्तादांचा आवाज ऐकू आला. तपासणी सुरू झाली होती.

लंबूचा बोल्ट शेजारच्या सतरंजीवर पडला होता. स्वच्छ, सरळ, तेल लावलेला. मी इकडे तिकडे पाहिलं. हात लांब केला. त्याचा बोल्ट माझ्या रायफलीत घातला. लोण्यातून सुरी जावी तसा गेला. टच्! माझा त्याच्या सतरंजीवर ठेवला. एकूण वेळ, फार तर दहा सेकंद.

लंबू आला. बोल्ट घालू लागला. जाईना. पुढचं सांगायला नको. उस्तादांनी त्याच्या हातातून तो घेतला, कंदिलापुढे धरला, हेड एक फेरा पिळलं, कॉकिंग पीस सरळ केला, आणि बोल्ट घरात. "हेड कुनी उघडलं?" लंबू चक्रावून म्हणाला, "माहीत नाही, उस्ताद." 'माहीत नाही' हे उत्तर लष्करात चालत नाही. रायफल डोक्यावर धरून मैदानाला पाच फेऱ्या. मी सतरंजीवर सावधान बसून ते पाहिलं. चाळीस रायफली तपासायच्या, अंधार पडत आलेला. नंबर त्या वेळी उस्तादांनीही पाहिला नाही.

इथपर्यंतची गोष्ट मी आजवर पुष्कळदा सांगितली आहे. फक्त 'मी हात लांब केला' हे वाक्य गाळून. ते गाळलं की गोष्ट फार विनोदी होते. लंबू सहा फूट, वर रायफल, अंधारातून पळणारा विजेचा खांब वगैरे. लोक खूप हसतात.

रात्री तंबूत झोप येईना. माणसाच्या आत एक वकील असतो, तो रात्री फी न घेता काम करतो. तो म्हणाला, कुणाचं काय बिघडलं? दोन्ही रायफली चालू आहेत. दोन्ही बोल्ट बसलेत. मी म्हटलं, नंबर? तो म्हणाला, शंभरात नव्याण्णव वेळा काही होत नाही, असं उस्तादच म्हणतात. मी म्हटलं, शंभर असं ते म्हणाले नव्हते. तो म्हणाला, मुद्दा तोच! मग मी शेजारी पाहिलं. लंबू दमून गाढ झोपला होता. डोळे मिटलेले. मला त्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघवेना. फेऱ्यांचं सोडा, उद्या सकाळी तो माझा बोल्ट गालाशी घेऊन नेम धरणार होता.

गुपचूप बदलावा तर रायफली कोतमध्ये, म्हणजे शस्त्रांच्या तंबूत, साखळीत ओवलेल्या आणि बाहेर पहारा. चोरी करायला दहा सेकंद पुरले होते. ती परत करायला सरकारी परवानगी लागत होती.

शेवटी उठलो आणि उस्तादांच्या तंबूपाशी जाऊन उभा राहिलो.

"काय रं? पोट बिघडलं?"

"नाही उस्ताद. बोल्ट बदललाय."

त्यांनी एक शब्द बोलला नाही. कंदील उचलला, कोत उघडायला लावली, दोन्ही बोल्ट काढले, नंबर बोटानं चाचपून ज्याचा त्याला घातला. दोन मिनिटं लागली असतील. मी म्हटलं, "उस्ताद, मीही पाच फेऱ्या मारतो."

"तू मारल्यास म्हून त्याच्या निघत्यात व्हय?" ते म्हणाले. "बोल्ट काढून परत घालता येतो. फेऱ्या न्हाई येत. त्याला सांग. मी न्हाई सांगनार. बोल्ट माझ्या ताब्यात, हिशोब तुमचा तुमच्यात."

सकाळी फायरिंग झालं. कोणाच्याही डोळ्याला काही झालं नाही. माझ्या पाच गोळ्यांपैकी दोन टार्गेटला लागल्या, त्यातली एक शेजारच्या टार्गेटला. लंबूला मात्र मी सांगितलं नाही.

म्हणजे सांगणारच होतो. पण फायरिंगच्या गडबडीत कसं सांगणार? मग परतीच्या ट्रकमध्ये सगळे गात होते, तिथं बरं दिसलं नसतं. मग परीक्षा. मग त्याच्या आईचं आजारपण. योग्य वेळ ही अशी चीज आहे की ती येऊन गेल्यावरच ओळखू येते. आणि मग एक चमत्कार झाला. लंबूच ती गोष्ट सांगायला लागला! गॅदरिंगला सांगितली, मित्रांच्या लग्नांत सांगितली, स्वतःच्या लग्नात तर नक्कल करून सांगितली. "मला यंत्रातलं काही म्हणजे काही कळत नाही हो. एन.सी.सी.त साधा बोल्ट घालता आला नाही!" लोक हसत. मीही हसे. जरा जास्तच मोठ्यानं.

त्याला इंजिनिअरिंगला जायचं होतं. मार्कही होते. तो बँकेत गेला. "ज्याला बोल्ट बसवता येत नाही, त्यानं पूल कशाला बांधायचे?" असं म्हणायचा. आता, केवळ एका बोल्टमुळे कोणी इंजिनिअर व्हायचा राहत नाही, हे मला कळतं. घरची परिस्थिती असते, वडिलांचं मत असतं, बँकेतला पगार असतो. 'केवळ' बोल्टमुळे नाहीच. पण तो 'केवळ' मला अधूनमधून ऐकू येतो. त्याच्या घरी फ्यूज गेला तरी तो खुर्चीतून उठत नाही. वहिनी उठतात. "त्यांच्या हाताला गुण नाही," असं त्या कौतुकानं सांगतात. मी चहा पितो.

आता खरा प्रश्न. ज्या चुकीनं दिसायला कोणाचंच बिघडलं नाही, ती साठ वर्षांनी उकरून काढावी का? मी सौ.ला विचारलं. पुण्यात असल्या प्रश्नांना घरच्या घरी निकाल मिळतो. ती म्हणाली, "इतकी वर्षं गप्प बसलात ना? आता या वयात सांगून त्याचं ब्लडप्रेशर कशाला वाढवता? तुम्हाला हलकं वाटावं म्हणून ओझं त्याच्या डोक्यावर? सहा फुटांचा असला म्हणून काय झालं!"

यात तथ्य आहे. कबुली ही नेहमी समोरच्यासाठी असतेच असं नाही. पुष्कळदा ती आपल्या झोपेसाठी असते. शिवाय त्या गोष्टीभोवती त्यानं एक आयुष्य रचलं. 'मला यंत्रं जमत नाहीत' हे त्याच्या स्वभावात छान बसून गेलंय. त्यात मजा आहे, वहिनींचं प्रेम आहे. ते कशाला उसकटायचं?

पण 'बसून गेलंय' म्हणता म्हणता मी थबकलो. बसलं म्हणजे काय? माझ्या रायफलीत त्याचा बोल्टही बसलाच होता की! लोण्यासारखा. सहज बसतं त्यावर आपण नंबर बघत नाही, हीच तर गोम आहे. अडलं तर निदान माणूस विचार करतो. माझा बिघडलेला बोल्ट साठ वर्षं त्याच्या आयुष्यात घातलेला होता, आणि तो बसलाय म्हणून मी त्याला त्याचाच समजत होतो. गोळी अजून फाटली नाही, एवढंच. नंबर त्याचा नव्हता. तो माझा होता.

हे सगळं मी नातवाला सांगितलं. पहिल्यांदाच, 'हात लांब केला' या वाक्यासकट. तो हसला नाही. बूट काढता काढता त्यानं एवढंच विचारलं, "मग त्या आजोबांना सांगितलंत?"

अलीकडच्या पोरांना तोंड कमी असतं, पण असतं ते सरळ.

मी फोन लावला. सगळं सांगितलं. आधी वाटलं, थोडं वळण देऊन सांगावं. पण उस्तादांचं 'माघारी जा' आठवलं आणि आट्याआट्यानं मागे गेलो. पाणी प्यायला गेलेला लंबू, सतरंजी, माझा हात. पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं फोन कट झाला. सौ. लांबून 'बघा, मी म्हटलं नव्हतं?' असे डोळे करून उभी.

मग लंबूचा आवाज आला. अगदी हळू.

"म्हणजे... माझा बोल्ट नीट होता?"

"हो रे."

"मी नीट साफ करून ठेवला होता?"

"एकदम. लोण्यासारखा गेला माझ्या रायफलीत."

"साठ वर्षं, लेका!" तो म्हणाला. पुढे काही बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यानं फक्त "बरं, ठेवतो" म्हटलं आणि ठेवला.

तो दिवस मी फार वाईट काढला. संध्याकाळी सातला फोन वाजला. वहिनी होत्या. स्वर असा की मी आपोआप सावधान झालो.

"भावजी, काय सांगितलंत तुम्ही यांना? दुपारी जेवले नाहीत. मग उठले, माझा चांगला चालणारा मिक्सर घेतला, खाली सतरंजी टाकली आणि सगळा उघडला!"

"मग?" मी घाबरत विचारलं.

"मग काय? जोडला. चालतोय. पण तीन स्क्रू उरलेत. ते म्हणतायत, तुम्हाला विचारा, ते कशात ठेवायचे असतात?"

मी कोकोचा डबा घेऊन उद्या सकाळी त्याच्याकडे जाणार आहे. जागा करून ठेवली आहे.